चकली तेलात का विरघळते

१२ ऑक्टोबर २०२३ला रात्री साडेनऊ वाजता मी पुण्याहून मिरजेला मामीला फोन लावला, तेव्हा मला रडू येईल असं वाटत होतं. लॅपटॉपवर, लोक काय शोधत साइटवर आले ते दाखवणारं गुगलचं सर्च कन्सोल उघडं होतं. चालू वर्षाची रेघ गेल्या वर्षीच्या रेघेच्या कितीतरी खाली लोळत होती.

"मामी, साइटवर माणसंच येत नाहीयेत. गेल्या वर्षी या तारखेला किती ऑर्डरी होत्या!"

मामी क्षणभर थांबली. तिच्या फोनजवळच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं, पान उलटल्याचा आवाज मला ऐकू आला.

"अगं, पितृपक्ष चालू आहे. आत्ता कोण चकलीची भाजणी मागवणार?"

आमची छोटीशी साइट आहे. मामी चकलीची, थालीपिठाची आणि उपासाची भाजणी करून विकते. धान्य निवडणं, धुणं, सावलीत वाळवणं, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजणं आणि दळून आणणं हे सगळं तिच्याकडे, साइट माझ्याकडे. कोण काय शोधत आलं, कुठल्या पानावर उतरलं, पुढे काय केलं, हे बघणं माझं काम. हे काम मी जीव लावून करते. मामीला कधीकधी वाटतं की मी आकडे बघत बसते. मला मात्र त्या आकड्यांत माणसं दिसतात.

पण आधी असं नव्हतं. २०१० साली मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत लागले, तेव्हा आमचा सोमवार ठरलेला असायचा. प्रत्येक गिऱ्हाइकाचे पन्नासेक कीवर्ड एक्सेलमध्ये, त्यांच्यापुढे गुगलवरचा आजचा नंबर, गेल्या आठवड्याचा नंबर आणि बाण. वर गेला तर हिरवा, खाली आला तर लाल. तो तक्ता मीटिंगमध्ये पडद्यावर लागला की सगळे फक्त रंग बघायचे. एका गिऱ्हाइकाचा एक शब्द महिनोन्‌महिने पहिल्या नंबरावर होता आणि त्या शब्दावरून त्याला एकही फोन आला नव्हता. ही गोष्ट मला दिसत होती. तरी मी हिरवा बाण लावत राहिले, आणि ते मला अजून बोचतं.

त्या काळी खरं तर फार मोठी सोय होती. माणूस गुगलवर काय टाइप करून आला ते शब्द गुगल ॲनालिटिक्समध्ये जसेच्या तसे दिसायचे, आणि शेजारीच तो ज्या पानावर उतरला ते लँडिंग पेज. प्रश्न आणि दार एकाच ओळीत. ऑक्टोबर २०११पासून गुगलने लॉगिन केलेल्यांचे शोध झाकायला सुरुवात केली आणि सप्टेंबर २०१३पर्यंत जवळजवळ सगळेच झाकले गेले. शब्दांच्या जागी 'नॉट प्रोव्हायडेड' ही एकच ओळ, आणि ती दर महिन्याला फुगत जायची. माणसाचा शोध त्याचा खाजगी असतो, म्हणून ते झालं ते योग्यच झालं असं मी आज म्हणते. तेव्हा मात्र दुकानात गिऱ्हाईक यावं आणि त्याचं बोलणं ऐकूच येऊ नये, तसं वाटलं होतं.

तेव्हापासून प्रश्न आणि दार यांची ओळ हाताने जोडावी लागते. प्रश्न सर्च कन्सोलमध्ये, आल्यानंतरची वागणूक ॲनालिटिक्समध्ये, आणि दोघांना बांधणारा धागा एकच, ते पान. सर्च कन्सोलमध्ये एक पान निवडायचं आणि त्या पानावर कोणकोणते प्रश्न घेऊन लोक आले ते वाचायचं. मग ॲनालिटिक्समध्ये तेच पान लँडिंग पेज म्हणून काढायचं आणि तिथून लोक कुठे गेले ते बघायचं. दोन्हीकडचे आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. एक क्लिक मोजतं, दुसरं सेशन, म्हणजे साइटवरची भेट. फार थोड्यांनी विचारलेले प्रश्न खाजगीपणासाठी यादीत येतच नाहीत, म्हणून प्रश्नांची बेरीज एकूण क्लिकपेक्षा कमी भरते. दिवससुद्धा एक नाही. आमचं ॲनालिटिक्स भारतीय वेळेवर चालतं आणि सर्च कन्सोलच्या तारखा कॅलिफोर्नियाच्या वेळेवर. तिकडे उन्हाळी वेळ असते तेव्हा त्यांचा दिवस आपल्या दुपारी साडेबाराला सुरू होतो. म्हणजे सकाळी अकराला स्वयंपाकघरातून कुणी काही शोधलं, तर ते तिथे आदल्या दिवसाच्या खात्यावर पडतं. हे कळेपर्यंत मी कितीतरी संध्याकाळी उगाच डोकं फोडलं.

आणि नंबर? 'सरासरी स्थान' या शब्दावर मी आता पटकन भरवसा ठेवत नाही. मिरजेतल्या बाईला आपण दुसऱ्या जागी दिसलो आणि न्यू जर्सीतल्या मुलीला चाळिसाव्या, तर सरासरी एकवीस. एकविसाव्या जागी आपल्याला कुणीच पाहिलेलं नसतं. स्वतःच्या फोनवर शोधून 'आपण पहिले आहोत' म्हणून खूश होणं तर त्याहून फसवं, कारण तो फोन आपल्याला ओळखतो आणि आपण कुठे बसलोय हेही त्याला ठाऊक असतं.

मामीच्या साइटवर 'चकली भाजणी' या शब्दावर आम्ही चांगलेच वर होतो. ते शोधून लोक भाजणीच्या कृतीच्या पानावर उतरायचे, चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, मग पोहे, धणे-जिरे हे प्रमाण बघायचे आणि जायचे. त्यांना भाजणी घरी करायची होती. त्यांनी विकत घ्यावी ही अपेक्षाच चुकीची होती. ऑर्डरी ज्या पानावरून यायच्या ते पान मी सुरुवातीला सहज म्हणून टाकलं होतं. मथळा होता 'चकली तेलात का विरघळते आणि काय करावे'. दर दिवाळीत मामीला येणाऱ्या फोनवरून ते लिहिलं होतं. मोहन जास्त झालं की चकली तेलात सुटते. पीठ घट्ट भिजलं की सोऱ्यातून पडतानाच तुटते. तेल फार कडक असलं की बाहेरून लाल होते आणि आत कच्ची राहून संध्याकाळपर्यंत मऊ पडते. मामीने सांगितलं तसं उतरवून घेतलं होतं, एवढंच.

हे पान वाचणारी बाई घाईत असते, हाताला पीठ लागलेलं असतं. जुनं ॲनालिटिक्स तिला फार अन्यायाने मोजायचं. एकच पान बघून माणूस गेला की तो 'बाउन्स', आणि पानावरचा वेळ शून्य. ती पाच मिनिटं तिथे थांबली, कढईतलं तेल कमी करून आली, पुन्हा वाचलं, चकली जमली आणि तिने फोन बंद केला, तरी शून्यच. त्या आकड्याकडे बघून हे पान काढून टाकावं असं एकदा माझ्या मनात आलं होतं. वाचवलं ते मामीने. ती येणाऱ्या प्रत्येक फोनला विचारते, "आमचा पत्ता कुठून मिळाला?" आणि उत्तर कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरांत लिहिते. त्या चौकोनांत 'विरघळली' हा शब्द पुनःपुन्हा होता. गेल्या वर्षी चकली विरघळली होती, ते पान सापडलं, चकली सुधारली, या वर्षी भाजणीच तुमच्याकडून घेते, असं सांगणाऱ्या बायका. वर्षभराचं हे अंतर ओलांडून दोन टोकं जोडणारं कुठलंही सॉफ्टवेअर माझ्याकडे नव्हतं. मामीकडे चौकोन होते. पुढे १ जुलै २०२३ला जुनं ॲनालिटिक्स थांबलं आणि नव्यात दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबलेल्या माणसाला 'गुंतलेला' धरायला लागले. त्या बाईला थोडा तरी न्याय मिळाला.

तर पितृपक्ष. मामीचं म्हणणं ऐकून मी कालनिर्णयचं पान डोळ्यांसमोर आणलं आणि चूक लख्ख दिसली. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. २०२३मध्ये अधिक श्रावण आला, त्यामुळे ते १२ नोव्हेंबरला गेलं. २४ ऑक्टोबरला या वेळी दसरा होता! मी १२ ऑक्टोबरची तुलना १२ ऑक्टोबरशी करत होते. गेल्या वर्षी तो दिवस दिवाळीच्या ऐन तोंडावरचा, या वर्षी सर्वपित्रीच्या दोन दिवस आधीचा. यंत्राला तारीख कळते, तिथी कळत नाही, आणि भाजणीचं गिऱ्हाईक तिथीवर चालतं.

त्याच रात्री मी नवा तक्ता मांडला. तारखेचा रकाना काढून टाकला आणि त्या जागी 'लक्ष्मीपूजनाला किती दिवस' हा रकाना घातला. सर्च कन्सोल सोळा महिन्यांची माहिती ठेवतं, त्यामुळे गेल्या वर्षीचा अख्खा सीझन हाताशी होता. दिवाळीच्या एकतीस दिवस आधीची तुलना एकतीस दिवस आधीशी केली आणि एकेक पान ताळ्यावर येत गेलं. कृतीचं पान बरोबर. थालीपिठाचं बरोबर, ते वर्षभर सारखंच चालतं. उपासाच्या भाजणीचं तर या वर्षी थोडं वरच.

एक पान मात्र जुळेना. विरघळणाऱ्या चकलीच्या पानापुढे शून्य.

मी तो प्रश्न निवडला आणि कुठलं पान दिसतंय ते पाहिलं. गेल्या वर्षी या प्रश्नावर तेच पान दिसायचं, अगदी वरच्या जागी. या वर्षी त्याच्या जागी कृतीचं पान दिसत होतं, गुगलच्या निकालांच्या दुसऱ्या पानाच्या तळाशी कुठेतरी, आणि त्यावर कुणी क्लिक करत नव्हतं. का करावं? तिची चकली कढईत सुटतेय आणि आपण तिला डाळीचं प्रमाण दाखवतोय. ॲनालिटिक्समध्ये पानांची नावं काढली तर एक नाव बऱ्यापैकी वर होतं: 'पान सापडले नाही'. लोक येत होते. बंद दारावर येत होते.

ऑगस्टमध्ये आम्ही साइट नव्या जागी हलवली होती. ते काम ज्यांना दिलं त्यांनी सगळे पत्ते रोमन लिपीत आणि आटोपशीर केले, आणि जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्यावर नेणाऱ्या रिडायरेक्टची यादी करून दिली. यादी मी तपासली होती. पण ती पानांच्या मथळ्यांवरून केलेली होती, आणि जुना पत्ता मथळ्यासारखा नव्हता. वेबच्या पत्त्यात देवनागरी जशीच्या तशी राहत नाही. प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी सुटी होऊन टक्केचिन्हांच्या माळेत बदलते, आणि एकेकाला नऊ खुणा लागतात. आमच्या जुन्या साइटवर पत्त्याला दोनशे खुणांची मर्यादा होती. म्हणजे मराठीची जेमतेम बावीस अक्षरं, तीही काना-मात्रा सुट्या धरून. मी कागदावर मोजलं. 'चकली-तेलात-का-विरघळते-आणि' इथे एकशे त्र्याण्णव भरल्या. 'काय'मधला क त्यात मावेना. पत्ता 'आणि'वर येऊन थांबला होता. यादीत मात्र 'काय करावे'पर्यंत पूर्ण लिहिलेला होता. छोट्या मथळ्यांची सगळी पानं सुखरूप पोचली, आणि ज्या पानावरून घर चालायचं तेच वाटेत राहिलं. मराठीत पत्ता लिहायचा माझा हट्ट होता आणि तो अजून आहे. फक्त आता मी अक्षरं मोजते.

एका ओळीची दुरुस्ती होती. रात्री दीडला ती केली, जुन्या पत्त्यावर स्वतः जाऊन नवं पान उघडतंय ना ते पाहिलं, सर्च कन्सोलला पुन्हा बघून जायची विनंती केली आणि झोपले. पहिले आठ-दहा दिवस काहीच हललं नाही. दसऱ्यानंतर पान पुन्हा दिसायला लागलं, आधी मागे, मग हळूहळू वर. वसुबारसेच्या आदल्या दिवशी मामीने चौकोनाचा फोटो पाठवला. त्यात तीन वेळा 'विरघळली' लिहिलेलं होतं.

आता नवरात्र बसलं की मी दर आठवड्याला सर्च कन्सोलमधले प्रश्न मोठ्या अक्षरांत मामीला पाठवते. नंबर पाठवत नाही. ती चष्मा लावून, आलेली पत्रं वाचावीत तशी ती यादी वाचते आणि मग मला फोन करते. गेल्या खेपेला एका ओळीपाशी थांबली. 'चकली मऊ पडली आता काय करू.'

"ही आत्ता गॅसपाशी उभी आहे बघ," मामी म्हणाली. "हिला काय सांगतो आपण?"

मी पान शोधलं. ती कृतीच्या पानावर उतरत होती. तिथे तिच्यासाठी काहीच नव्हतं.

"मग लिही. घाबरू नका म्हणावं, टाकून देऊ नका. गार झाल्या असतील तरी चालतील. मंद आचेवर पुन्हा एकदा तळून काढा, बुडबुडे थांबेपर्यंत. आणि उरलेलं पीठ असेल ते झाकून ठेवा, वाळू देऊ नका. लिहिलंस?"

"लिहिते आहे," मी म्हटलं. "मामी, जरा सावकाश सांग."