टोकियो ते फर्दापूर

सोयगाव तालुक्यातील फर्दापूर हे गाव बहुतेकांना अजिंठा लेण्यांचा फाटा म्हणूनच ठाऊक आहे. खासगी गाड्या येथेच थांबतात आणि पुढचे चार किलोमीटर लेण्यांच्या बसने जावे लागते. आम्ही काही कुटुंबे मिळून गेलो, तेव्हा बसच्या रांगेत जपानी उपासकांचा एक गट आमच्यापुढे उभा होता. आमच्यातील आजींनी त्यांना हात जोडून ‘जय भीम’ केला आणि आम्हाला विचारले, “काय रे पोरांनो, हे किती लांबून आले असतील?”

प्रश्न साधा, पण हिशेब करण्याजोगा. टोकियो ते दिल्ली हवाई अंतर सुमारे 5,900 किलोमीटर. येताना विमानाला नऊ-दहा तास लागतात, परतताना साडेसात-आठ तासांत भागते. अंतर तेच, मग वेळेत फरक का? दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचा पट्टा वाहत असतो. भारताकडे येणाऱ्या विमानाला तो समोरून अडवतो, जपानकडे जाणाऱ्याला मागून रेटतो. हिवाळ्यात त्याचा जोर आणखी वाढतो.

दिल्लीहून औरंगाबादचा (2023 पासून छत्रपती संभाजीनगर) चिकलठाणा विमानतळ सुमारे 980 किलोमीटर. विमान दोन तासांच्या आत पोचते. तेथून फुलंब्री, सिल्लोड, अजिंठा गाव आणि घाट उतरून फर्दापूर शंभरेक किलोमीटर, आणि त्याला मात्र अडीच-तीन तास! या रस्त्याचे काम वर्षानुवर्षे कसे रेंगाळले, हे एस.टी.ने जाणाऱ्यांना सांगायला नको. गंमत अशी की अजिंठा-वेरूळ संवर्धन व पर्यटन विकासासाठी 1992 पासून जपाननेच कर्ज दिले, आणि त्यातून विमानतळाचीही कामे झाली.

धम्माला तिकडे जायला किती वेळ लागला? तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर सुमारे हजार वर्षांनी, सहाव्या शतकात, तो कोरियामार्गे जपानला पोचला. चिनी भिक्खू ह्यू-एन-त्संग 629 च्या सुमारास निघाला तो 645 साली मायदेशी परतला. महाराष्ट्रातील डोंगरातल्या ज्या विहाराचे वर्णन त्याने केले, तो अजिंठाच असे विद्वान मानतात.

आणि आमच्या आजी? त्यांची हयात याच जिल्ह्यात गेली. लेणी मात्र त्या दिवशी प्रथमच पाहिली. लहानपणी त्यांना कोणी सांगितले होते की हे पांडवांनी एका रात्रीत खोदले. दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लेख आहे: हे मुख वासिठीपुत्र कटहादीचे दान. तो आम्ही त्यांना समजावून सांगितला. “म्हणजे माणसांनीच केलं, अन् नावही लिहून ठेवलं,” त्या म्हणाल्या. सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाच्या भव्य मूर्तीपुढे त्या बराच वेळ बसून होत्या. आमच्या बरोबरच्या मुलांनी तोवर पिंपळगाव, पाचोरा, सिल्लोड येथील किती नातलग अजून आलेले नाहीत याची मोजणी केली. आकडा मोठा निघाला. हजारो किलोमीटरवरून लोक येतात आणि तासाभराच्या अंतरावरचे आपले लोक सहलीला दुसरीकडेच जातात, याचे आम्हाला वाईट वाटते. भाड्याचा प्रश्न खराच आहे, पण लग्नाच्या वऱ्हाडाला टेम्पो मिळतो तर येथेही मिळेल.

जाणाऱ्यांनी सोमवार टाळावा, त्या दिवशी लेणी बंद असतात. रविवारी गर्दी फार. इतर दिवशी सकाळी नऊच्या आत फाट्यावर पोचावे, भाकरी-पाणी बरोबर घ्यावे. पायऱ्या पुष्कळ आहेत, म्हणून म्हाताऱ्या माणसांना उन्हाच्या आधी वर न्यावे.