खालचे दात पुढे आहेत? थोडे वेळेवर दाखवा!

माझी मुलगी सात वर्षांची असताना तिच्या आईने मला दाखवले, "अहो, हिचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात." मी म्हणालो, "दुधाचे दात पडले की होईल नीट. माझेही तसेच आहेत, माझे काय अडले?" घरातला डॉक्टरच असे म्हणाला, मग विषय तिथेच संपला.

सोळाव्या वर्षी ती प्रत्येक फोटोत ओठ मिटून हसते, हे माझ्या लक्षात आले. ऑर्थोडॉन्टिस्टनी, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांनी, पहिला प्रश्न विचारला, "आधी का नाही आणले?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

मित्रांनो, दात मिटल्यावर वरचे पुढचे दात खालच्या दातांना साधारण २ ते ३ मिलिमीटर झाकतात. याच्या उलट असेल तर त्याला अंडरबाईट म्हणतात. कधी फक्त दात कललेले असतात, तर कधी वरचा जबडा लहान किंवा खालचा मोठा असतो. हे बरेचदा आनुवंशिक असते. नेमके कारण तपासणीतून आणि डोक्याच्या बाजूने काढलेल्या एक्स-रेवरून कळते.

वरचा जबडा मागे असेल, तर साधारण सात ते दहा वर्षे वयात चेहऱ्यावर लावायच्या मास्कने तो पुढे आणता येतो. वय वाढले की हा उपाय कमी लागू पडतो. नंतर दोष सौम्य असेल तर तारा लावून दात सरकवतात. जास्त असेल तर वाढ पूर्ण झाल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया करावी लागते.

माझ्या मुलीचा दोष सुदैवाने सौम्य होता. दोन वर्षे तारा लावाव्या लागल्या. आता ती रात्री रिटेनर घालते, नाहीतर दात पुन्हा जागा सोडतात.

मोठ्यांनाही तारा लावता येतात. मात्र हिरड्या निरोगी आणि मधुमेह आटोक्यात हवा. दोष अगदी थोडा असेल, दात झिजत नसतील, चावताना त्रास नसेल, तर उपचार केलेच पाहिजेत असेही नाही. पण ते तपासून ठरवावे, माझ्यासारखे अंदाजाने नको.

आज रात्री मुलांना मागच्या दाढा मिटून हसायला सांगा आणि नीट पाहा. खालचे दात पुढे दिसले, तर सातव्या वर्षीच दाखवून घ्या. "होईल नीट" म्हणून माझ्यासारखी नऊ वर्षे घालवू नका.