उडत्या पाखराची ओळख

पाणथळीवरील पक्षी बसलेला असतानाच ओळखावा आणि तो उडाला की नाद सोडावा, असा पुष्कळांचा समज असतो. आमचे मत याच्या अगदी उलट आहे. चिखलात चोच खुपसून उभे असलेले तीन भुरे पक्षी एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. त्यांच्यातला भेद ते पंख उघडतात तेव्हाच प्रकट होतो.

देवास गेटच्या परिसरात राहणाऱ्यांना ही गोष्ट पटवून देण्याची फारशी गरज नसावी. येथील बसस्थानकाशी ज्यांचा नित्याचा संबंध आहे, ते गाडीची पाटी वाचण्याची वाट पाहत नाहीत. वळण घेण्याची ढब, हॉर्नचा सूर, टपावरचे सामान, एवढ्यावरून गाडी कोणत्या गावची ते त्यांना दुरूनच कळते. उडता पक्षी ओळखण्याची विद्याही याच जातीची.

तिचा पहिला धडा आम्ही आमच्या नातवाला गच्चीवर दिला. सायंकाळी डोक्यावरून पांढऱ्या बगळ्यांच्या रांगा विसाव्याच्या झाडांकडे जातात. नातू मुलांच्या बोलीत “सब बगुले हैं” म्हणून मोकळा झाला. सगळे बगळे खरे, परंतु एक नव्हेत. गायबगळ्याची मान आखूड, चोच पिवळी आणि पंखांची हालचाल लगबगीची. लहान बगळ्याची चोच काळी. त्याचे काळे पाय शेपटीमागे लांबवर जातात आणि त्यांच्या टोकाला पिवळे पंजे दिसतात. चार-सहा दिवसांत पोराची नजर बसली. मग जानेवारीतल्या एका सकाळी त्याला शहराबाहेरच्या उंडासा तलावावर नेले.

तेथे काठाने तुताऱ्या फिरत होत्या. आम्ही जवळ जाताच एक उडाली. “आजोबा, गेली! आता कसं कळणार?” “अरे, आताच तर कळायचं! शेपटीकडे बघ.”

वाचकांनीही तेथेच पाहावे. शेपटीच्या बुडाशी झगझगीत पांढरा पट्टा, पंखांची खालची बाजू जवळजवळ काळी आणि पाय शेपटीबाहेर जेमतेम आलेले, तर ती हिरवी तुतारी. बुड पांढरेच, परंतु पंख खालून फिके आणि पाय शेपटीच्या पुष्कळ बाहेर, तर ती ठिपकेवाली तुतारी. बुडाशी पांढरे मुळीच नाही, पंखांवर मात्र पांढरी रेघ आहे, आणि पाखरू पंख खाली वाकवून, थरथरवत, पाण्याला लगटून जात आहे, तर ती साधी तुतारी. उन्हाच्या दिशेला पाहताना फिके पंखही काळे दिसतात. म्हणून एका खुणेवर कधीही निकाल देऊ नये. दुसरी खूण जुळली पाहिजे. कानांचेही साहाय्य घ्यावे. ठिपकेवाली उडताना “चिफ्-इफ्-इफ्” असे कोरडे ओरडते. हिरवीची शीळ अधिक गोड व मोकळी असते.

ही पाखरे उत्तर युरोप आणि सायबेरियाकडून हिवाळा काढण्यास माळव्यात येतात. त्यांपैकी हिरवी तुतारी एकलकोंडी; लहानशा डबक्यावर, ओढ्याकाठीही ती आढळते. आश्चर्य असे की चिखलात वावरणारा हा पक्षी आपल्या मुलखात अंडी घालतो ती झाडावर, बहुधा दुसऱ्या पक्ष्यांनी सोडलेल्या जुन्या घरट्यात!

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न घरातूनच आम्हांस विचारण्यात आला. त्याचे उत्तर सरळ आहे. १९८७ साली सुरू झालेली आशियाई पाणपक्ष्यांची गणना दर जानेवारीत होते. तीत सामान्य हौशी माणसे तलावाकाठी उभी राहून जातवार आकडे लिहितात, आणि थवा काही मोजणाऱ्यासाठी बसून राहत नाही. आमच्या शेजारी इंदूरचे सिरपूर व यशवंतसागर हे तलाव २०२२ साली रामसर यादीत गेले. अशा यादीचा एक आधार पक्ष्यांच्या नोंदीही असतात. ज्याला आपण नुसते “पाखरू” म्हणतो, ते यायचे थांबले तरी कोणाच्या लक्षात येणार?

आपल्या घरांना ही गोष्ट अधिक लागू पडते. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहून आपण मराठी राखली खरी. परंतु तुतारी, टिलवा, चिखल्या, शेकाट्या ही नावे किती घरांत उरली आहेत? मारुती चितमपल्ली यांनी अशी नावे जमवून २००२ साली ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. कोशात नाव सुरक्षित राहते. जिवंत राहते ते मात्र बोलण्यात. आमचा नातू आता तलावावर “आजोबा, ठिपकेवाली!” असे आमच्याआधी ओरडतो. येत्या हिवाळ्यात आपणही मुलांना घेऊन जवळच्या पाण्यापाशी जावे, आणि पाखरू उडाले म्हणून नजर खाली घेऊ नये, एवढीच विनंती.