अकरा कार्डं

मलावीत बाईमाणसाला आदरानं 'मायी' म्हणतात. चिचेवा भाषेत त्याचा अर्थ आई. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या सातारी कानांना आपली 'माय'च ऐकू आली. दक्षिण मलावीतल्या एका सरकारी आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला सगळं गाव मायी म्हणायचं. मीही म्हणायला लागलो. २०२५च्या जानेवारीअखेर त्या मायींच्या टेबलाच्या खणात अकरा कार्डं पडून होती.

कार्ड म्हणजे टिपकागदासारखा जाड कागद. एचआयव्हीबाधित आईचं बाळ सहा आठवड्यांचं झालं की त्याच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब त्यावर घ्यायचे, सुकवायचे आणि ओल शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत बंद करून प्रयोगशाळेत पाठवायचे. घाई असते ती पुढच्या हिशेबामुळे. बाधित बाळांना औषध मिळालं नाही, तर त्यांतली जवळपास निम्मी दोन वर्षांची व्हायच्या आत दगावतात. त्यांतलीही बरीचशी पहिल्या काही महिन्यांतच.

प्रयोगशाळा चाळीसेक किलोमीटरवर होती. केंद्राच्या ओसरीत मोटरसायकल उभी होती आणि टाकीत पेट्रोलही होतं. पण २० जानेवारीला अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी परदेशी विकासमदत नव्वद दिवसांसाठी गोठवली होती आणि २४ तारखेला चालू कामंही थांबवायचा हुकूम निघाला होता. पाठोपाठ अमेरिकेच्या पैशावर चालणाऱ्या आमच्या प्रकल्पाला पत्र आलं: काम बंद, खर्च बंद, या पैशातून घेतलेली वाहनं वापरायची नाहीत. मोटरसायकलवाला किल्ली खिळ्याला अडकवून घरी गेला. नमुन्यांच्या वाहतुकीची घडी बसवणं हे माझं काम होतं. माझा पगारही त्याच पैशातून येत असल्यामुळे मीही रिकामाच होतो.

मला सगळ्यात जास्त खुपलं ते औषधांचं कपाट, कारण ते भरलेलं होतं. मलावीत एचआयव्हीच्या बहुतेक गोळ्या ग्लोबल फंड या वेगळ्या आंतरराष्ट्रीय निधीच्या पैशातून येतात, त्यामुळे त्या कपाटातच होत्या. बाटल्यांवर भारतीय कंपन्यांची नावं. वर्षाच्या औषधांना दहा हजार डॉलरच्या वर मोजावे लागत होते, तेव्हा २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लानं तीच औषधं साडेतीनशे डॉलरला देऊ केली होती. परमुलखात त्या बाटल्या पाहून माझी छाती फुगायची. त्या आठवड्यात मात्र कळलं, की गोळी कपाटात असणं आणि ती माणसाच्या पोटात जाणं यांच्यामध्ये बरीच माणसं उभी असतात. चाचणी करणारा, नोंदी ठेवणारा, नमुने नेणारा, आणि तारीख चुकवलेल्या बाईच्या दारात सायकलवरून जाऊन तिला समजावणारी, स्वतः एचआयव्हीसह जगणारी कार्यकर्ती. या केंद्रात त्या सगळ्यांचे पगार अमेरिकेकडून येत होते. सरकारी पगारावर होत्या त्या मायी.

२८ जानेवारीला जीव वाचवणाऱ्या कामांना सूट जाहीर झाली. पण कुठलं काम जीव वाचवणारं, हे ठरवायला पुन्हा पत्रव्यवहार. गोळी बसते, पण कार्ड बसतं का? मोटरसायकल? परवानगी येईल, मग पैसे सुटतील, तोवर माणसं पोटामागे पांगली. दिवसही बिकट होते. शेतातला मका हिरवा आणि घरातला संपलेला, असा तो पावसाळ्याचा हंगाम. मार्चमध्ये युसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी सांगितलं. १ जुलैला युसएडचाच कारभार आटोपला.

"अरे, तिथलं सरकार काय झोपलं होतं का?" साताऱ्याहून दादानं फोनवर विचारलं.

मी त्याला 'कॅशगेट' सांगितलं. २०१३ मध्ये मलावीच्या तिजोरीतली मोठी लूट उघडकीला आली. तोपर्यंत मदतीतला बराच पैसा थेट सरकारी अंदाजपत्रकात जमा व्हायचा. त्यानंतर देणाऱ्यांनी हात आखडला आणि पैसा आमच्यासारख्या संस्थांमार्फत वळवला. चोरी टळली असेल. पण सरकारी दवाखान्यातच दुसरा, भाड्याचा दवाखाना उभा राहिला. सरकारलाही पदं भरायची निकड उरली नाही.

दादाला एक गोष्ट सांगितली नाही. आमच्या वार्षिक अहवालात 'शासनाकडे हस्तांतर' असा एक रकाना असायचा. मोटरसायकलवाल्याला सरकारी पगारावर घ्यायची तारीख त्यात मी स्वतः भरायचो आणि दरवर्षी ती एक वर्ष पुढे ढकलायचो. वरून कोणी विचारलं नाही, खालून कोणी तक्रार केली नाही. माझी नोकरी त्या ढकलण्यावरच चालू होती.

अकरा कार्डं शेवटी जेवणाच्या डब्यात बसून गेली. मायींचा भाचा मिनीबसनं शहरात जाणार होता. भाडं मी दिलं. एरवी ज्याला दोन दिवस लागत, त्याला तीन आठवडे लागले होते. निकाल यायला आणखी महिना गेला. दहा बाळं सुटली होती. अकरावं बाधित होतं.

आईचा फोन लागेना. अशा वेळी जी सायकल काढायची, ती कार्यकर्ती आता बाजारात टोमॅटो विकत होती. बाहेर बाकांवर पन्नासेक बायका तापाची पोरं घेऊन बसल्या होत्या. मायींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्या कागदाकडे.

"काय करू, सांगा," त्या म्हणाल्या. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी बाळाच्या औषधाची पुडी पिशवीत टाकली, बाकांवरच्या बायकांना उद्या यायला सांगितलं आणि भाड्याच्या सायकलवर मागं बसून त्या निघाल्या. रजिस्टर टेबलावर उघडंच राहिलं. त्या दिवशी दुपारनंतर त्यात एकही नोंद नाही.