गमावलेला आवाज : सोनईतील एक व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आणि निगेटिव्ह फीडबॅकचा इतिहास

१/
अहिल्यानगर जिल्ह्यातील, नेवासा तालुक्यातील सोनई. तेथील एका घराच्या माळ्यावर एक जुना व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर धूळ खात पडला होता. एकेकाळी तो सप्ताहांना, लग्नांना आणि सभांना भाड्याने जाई. घरातील नातवाने तो खाली उतरवला, त्याला कारण एक कॅसेट होती. पारायणात आजीने वाचलेला अध्याय तिच्यात होता. आजी आता नाही, आणि आजोबांना ऐकू कमी येते.

२/
आवाज वाढवला की तो आजोबांपर्यंत पोहोचे, पण शब्द पोहोचत नसत. ‘नुसतं केकाटतंय,’ ते म्हणत. दोष कानांचा होता, तसा यंत्राचाही. व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर आवाज मोठा करताना त्यात स्वतःची भर घालतात. या भरीलाच डिस्टॉर्शन म्हणतात. त्यावरचा उपाय शंभर वर्षांपूर्वी टेलिफोनच्या क्षेत्रात शोधला गेला.

३/
दूरवर जाणारा टेलिफोनचा आवाज वाटेत क्षीण होई, म्हणून तो टप्प्याटप्प्यावर वाढवावा लागे. प्रत्येक ॲम्प्लिफायर थोडी विकृती मिसळी आणि ती साचत जाई. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल लॅबोरेटरीजचा तरुण अभियंता हॅरल्ड ब्लॅक हडसन नदीवरील फेरीबोटीतून कामावर निघाला होता. वाटेत त्याला उत्तर सुचले आणि त्याने ते हातातील वर्तमानपत्राच्या कोऱ्या जागेत उतरवले.

४/
कल्पना अशी : बाहेर पडणाऱ्या आवाजाचा एक अंश उलट करून पुन्हा आत, सुरुवातीला आणायचा. मूळ आवाज आणि हा परतलेला अंश यांच्या वजाबाकीत यंत्राने केलेली चूक उघडी पडते, आणि यंत्र ती स्वतःच दुरुस्त करू लागते. हाच निगेटिव्ह फीडबॅक. त्याची किंमत मात्र रोखीने मोजावी लागते : ॲम्प्लिफायरची वाढवण्याची ताकद घटते.

५/
मुद्दाम कमावलेली ताकद मुद्दाम फेकून द्यायची, हे त्या काळातील जाणत्यांना पटेना. १९२८ मध्ये केलेल्या अर्जावर अमेरिकेत पेटंट मिळायला डिसेंबर १९३७ उजाडला. ब्रिटिश पेटंट कार्यालयाने तर या अर्जाला शाश्वत गतीच्या यंत्राच्या दाव्यांच्या पंक्तीत बसवले, असे ब्लॅकने पुढे लिहून ठेवले आहे.

६/
शंका अगदीच निराधार नव्हती. यंत्रातून फिरून येताना आवाजाला किंचित उशीर होतो, आणि अतिउच्च कंप्रतेवर हा उशीर इतका वाढू शकतो की विरोध करायला पाठवलेला अंश साथ देऊ लागतो. मग ॲम्प्लिफायर स्वतःच शीळ घालतो. हे केव्हा घडेल याचा गणिती निकष हॅरी नायक्विस्टने १९३२ मध्ये मांडला.

७/
घरगुती संगीतात ही पद्धत गाजली ती १९४७ मध्ये. ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी आपल्या ॲम्प्लिफायरचा आराखडा छापला. त्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मरलाही फीडबॅकच्या फेऱ्यात घेतले होते. वीस डेसिबल फीडबॅक, म्हणजे वाढ एक दशांशावर आणलेली, आणि विकृती जवळजवळ नाहीशी.

८/
येथेच सोनईच्या ॲम्प्लिफायरची अडचण सुरू होते. त्याच्या पाठीवर ४, ८ आणि १६ ओहम असा फिरवायचा स्विच होता, जसा स्पीकर तसा खटका. सोळा वॅट शक्ती ४ ओहमच्या स्पीकरला ८ व्होल्टने मिळते, १६ ओहमच्या स्पीकरला मात्र १६ व्होल्ट लागतात. म्हणजे स्विच फिरवला की बाहेर येणारा दाब दुप्पट होतो.

९/
नातवाने फीडबॅकची तार स्विचच्या पुढे, स्पीकरच्या टोकावर डाखली होती. ४ ओहमच्या पेटीवर सारे ठीक चालले. मग आजोबांनी हट्ट धरला : ‘आपला कर्णा लाव.’ कर्णा १६ ओहमचा. स्विच फिरताच परतणारा अंशही दुप्पट झाला, आणि नायक्विस्टने सांगितलेली सीमा ओलांडली गेली. कर्ण्यातून कर्कश शीळ उठली आणि एका व्हॉल्व्हची प्लेट लाल होऊ लागली. त्याने झटकन वीज तोडली. ट्रान्सफॉर्मर जळला असता, तर तसा दुसरा मिळणे कठीण होते.

१०/
उत्तर विल्यमसन यांच्या सुट्या भागांच्या यादीतच होते. त्यांच्या ट्रान्सफॉर्मरमधील वेटोळ्यांचे गट स्पीकरप्रमाणे नव्याने जोडावे लागत, म्हणून फीडबॅकच्या रेझिस्टरची किंमतही बदलावी लागे : स्पीकरच्या ओहमचे वर्गमूळ गुणिले १२००. चार ओहमला २४००, सोळाला ४८००. बाहेरचा दाब जितक्या पटीने वाढेल तितक्याच पटीने रेझिस्टर वाढवायचा, की परतणारा अंश तेवढाच राहतो.

११/
सोनईच्या यंत्रात काम याहून सोपे होते. तेथील वेटोळे अखंड होते आणि स्विच फक्त त्यावरील जागा निवडत होता. नातवाने तार स्विचवरून काढली, १६ ओहमच्या टोकाला कायमची जोडली आणि रेझिस्टर दुप्पट केला. आता स्विच कुठेही असो, परतणारा अंश तोच. स्पीकरप्रमाणे योग्य खटका निवडणे मात्र चुकत नाही, कारण व्हॉल्व्हवर पडणारा भार त्यावरच ठरतो.

१२/
बोलणाऱ्याने आपल्या बोलण्याचा परिणाम परत ऐकावा, हा विचार यंत्रांपुरता राहिला नाही. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे आकाशवाणीने शेतकऱ्यांसाठी रेडिओ श्रोतामंडळांचा प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतील १५० गावे त्यात होती, आणि त्या पाचांत अहमदनगरही होता. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करत, आणि त्यांचे प्रश्न पुन्हा केंद्राकडे जात.

१३/
कॅसेट पुन्हा लावली. ‘आवाज पडला की रं,’ आजोबा म्हणाले. त्यांच्या लेखी ॲम्प्लिफायरची परीक्षा एकच होती : शेवटच्या वस्तीवर ऐकू जाते की नाही. ‘आबा, थोडं थांबा,’ म्हणत नातवाने व्हॉल्यूम वाढवला. गमावलेली वाढ काही अंशी शिल्लक ताकदीतून भरून निघाली, केकाटणे मात्र परतले नाही.

१४/
ओवी संपली. पुढची सुरू होण्याआधी आजीने घसा साफ केला, आणि पान उलटल्याचा आवाज आला. आजोबांनी हात वर करून सर्वांना गप्प केले. अध्याय संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी पेन मागवले आणि ॲम्प्लिफायरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून स्वतःच्या हाताने लिहिले : ‘तार १६ वरच राहील. कोणी हलवू नये.’