काळ्या रंगाखालची चासी

जुन्या डिझेल गाड्यांबद्दल दिल्लीत गेली दहा वर्षं चाललेला वाद आपल्याकडच्या वाचकाला वयाचा वाद वाटतो. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसराच्या, म्हणजे एनसीआरच्या रस्त्यांवर मज्जाव केला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं, पण काही दिवसांतच ते मागे पडलं. ऑगस्टमध्ये न्यायालयाने निव्वळ वयावरून कारवाई करू नका असं सांगितलं आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण धुराच्या बीएस-४ व त्यापुढच्या मानकांच्या गाड्यांपुरतं ठेवलं. धुराचा निकष ठरला, हे चांगलंच झालं. पण दहा वर्षं विटा, संगमरवर आणि भाजी वाहिलेल्या पिकअपचं इंजिन पास झालं तरी चासीचं काय? माझं म्हणणं असं की चासीचे आडवे आधार नव्याने बनवून बसवणं हे गल्लीत गुपचूप उरकायचं काम राहू नये. त्याची नोंद व्हावी, तपासणी व्हावी.

पिकअपची चासी शिडीसारखी असते: दोन लांब चॅनल आणि त्यांना जोडणारे आडवे आधार, म्हणजे क्रॉस मेंबर. दिल्लीत कोकणातल्या महाडच्या किंवा चिपळूणच्या मानाने गंज कमी. तिथे चासी थकते ती जास्तीच्या वजनाने आणि खड्ड्यांनी. स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरजवळ, रिव्हेटच्या भोकापासून केसाएवढी चीर निघते. जाणता कारागीर आधी दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या भोकांमधली तिरकी अंतरं टेपने मोजतो. ती जुळली नाहीत तर चासी तिरकी झालेली असते, आणि तशीच नवी पट्टी ठोकली तर तो तिरकेपणा कायमचा होतो. मग पुठ्ठ्याचा साचा कापून त्यावरून पत्रा कापायचा, टोकं निमुळती ठेवायची, म्हणजे जोर एका रेषेवर येत नाही. भोकं चॅनलच्या उभ्या बाजूला. वरच्या-खालच्या पट्टीला भोक नाही आणि तिच्यावर आडवं वेल्डिंगही नाही. जमेल तिथे बोल्टच वापरायचे, कारण चासीने थोडा पीळ खायलाच हवा. हे सगळं दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरातल्या किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या चांगल्या हाताला ठाऊक असतं. नसतं ते त्याचं नाव कुठल्याही कागदावर.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की गल्लीतल्या वेल्डिंगवर माणसांचा जीव कसा सोपवायचा? आक्षेप खरा आहे, आणि तो मालापासून सुरू होतो. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठाने लिलावात काढलेल्या यंत्रातलं किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगारात पोचलं आणि एका कामगाराचा जीव गेला. प्रकार अगदी वेगळा, पण वस्तू कुठून आली हे न विचारण्याची सवय तीच. भंगारातून उचललेल्या पत्र्याचा दर्जा नजरेला कळत नाही; म्हणून पट्टीसाठी दर्जाचा शिक्का असलेला नवा पत्रा आणि त्याचं बिल हवंच. पण बंदी घातली तर हे काम थांबणार नाही, रात्री होईल. पिकअपचा हप्ता फेडून झालेला मालक दोन भेगांसाठी रोजीरोटी भंगारात घालणार नाही. दुसरा आक्षेप, अख्खी चासीच बदला. जुन्या मॉडेलची मिळाली तरी चासी नंबर त्याच लोखंडावर कोरलेला असतो, त्यामुळे बदलल्यावर आरटीओच्या खेपा आल्या. आणि मधली एक पट्टी तडकली म्हणून दोन धड चॅनल टाकून देणं मला उधळपट्टी वाटते. मात्र लांब चॅनलच मोडला असेल, तर ठिगळ नको, गाडी मोडीतच जावी.

उरतो प्रश्न तपासणीचा. मालवाहू गाडीला फिटनेसचा दाखला कायद्याने लागतोच. ब्रेक, दिवे, धूर यांसाठी केंद्रांवर यंत्रं येताहेत, पण खालची चासी अजून मुख्यतः नजरेनेच पाहिली जाते, आणि ताजा काळा रंग फासला की नजर फसते. त्यावरचा उपाय महाग नाही: सांध्यापुरता रंग खरवडून लाल द्रव लावायचा, पुसायचा आणि वर पांढरी पूड फवारायची, चीर असली तर लाल रेघ उमटते. दुरुस्त केलेल्या प्रत्येक पिकअपची अशी चाचणी व्हावी, आणि पत्र्याचं बिल व कारागिराची सही फिटनेसच्या कागदांना जोडली जावी.