चोचीच्या बुडाशी लाल ठिपका

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे नांदूरमध्यमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. तिथे आम्ही दोघे दर हिवाळ्यात जातो ते बदके पाहायला. गेल्या खेपेस मात्र सूर्य मावळताना लव्हाळ्याच्या कडेने एक इवलासा पक्षी चिखलावर चार पावले चालला आणि दिसेनासा झाला. पाठ तपकिरी, छाती राखी, लांबी जेमतेम वीतभर. फटाकडींपैकी एक, एवढे निश्चित. पण कोणती?

पर्याय दोन होते. बेलन्स क्रेक हिवाळ्यात आपल्याकडे नियमित येतो. लिटल क्रेक क्वचितच आढळतो. दोघे दिसायला विलक्षण सारखे. मात्र लिटल क्रेकच्या चोचीच्या बुडाशी लाल ठिपका असतो. आम्हाला काहीतरी लाल दिसले होते. त्या रात्री वहीत 'लिटल क्रेक' अशी नोंद झाली आणि पुण्यातल्या एका मित्राला फोनही गेला. पहाटे निघतो, असे तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच आम्ही तिथे जाऊन बसलो. तासाभराने पक्षी बाहेर आला आणि या वेळी रेंगाळला. चोच बुडापर्यंत हिरवट. पाठीवर आणि पंखांवर पांढऱ्या नागमोडी रेघोट्या. कुशीवरचे काळे-पांढरे पट्टे पायांच्याही पुढे आलेले. मिटलेल्या पंखांची टोके आखूड. एकेक खूण बेलन्स क्रेककडे बोट दाखवत होती. लाल होता तो त्याचा डोळा! मग दोन्ही बाजूंनी चपटे असलेले अंग सावरत, एकही पाते न हलवता तो लव्हाळ्यात शिरला.

कवितेत नसलेला अर्थ तिच्यावर लादू नका, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. इथे तर लाल रंग खोटा नव्हता. दुर्मिळाच्या लोभाने आम्ही तो डोळ्यातून उचलून चोचीवर नेऊन ठेवला होता. चुकीचे वाचन बहुधा असेच घडत असावे. शब्द मूळचाच असतो, जागा तेवढी आपण बदलतो.

वहीतली नोंद आम्ही खोडली, पण वाचता येईल अशी. मित्राला फोन करणे त्याहून जड गेले. तोवर त्याने नारायणगाव ओलांडले होते.